बाबांचं कोपर

३ सप्टेंबर, मंगळवार

आज मी मोठ्या बाईंना सगळं सांगून टाकलं.

काय झालं ते आधी लिहून ठेवते, कारण उद्यापासून घरात जो तो आपापल्या सोयीने सांगणार. सकाळी शाळेची चार नंबरची बस रेल्वे फाटकापाशी उभी होती. ही बस बाबा चालवतात. गाडी गेली, फाटक उघडलं, मागचे हॉर्न बडवत राहिले, पण बस जागची हलेना. बाबा स्टिअरिंगवर कपाळ टेकून झोपले होते. मुलांना चढवणाऱ्या-उतरवणाऱ्या मावशीने खांदा धरून गदागदा हलवलं तेव्हा जागे झाले. माझ्या पहिलीच्या वर्गातली एक मुलगी दप्तर ठेवायच्या आधी मला सांगायला आली, "टीचर, ड्रायव्हरकाका घोरत होते. आम्ही सगळे इतके हसलो."

बस उभी होती म्हणून हसली. चालती असती तर?

मावशीने मला व्हरांड्यात गाठलं. "वडील आहेत तुझे. काय सांगायचं ते घरी सांग. ऑफिसात नको नेऊस."

मी म्हटलं, घरी सांगायचं म्हणजे घरातच पुरायचं.

"नवीन आहेस अजून," ती म्हणाली आणि निघून गेली.

नवीन आहे हे खरं. जूनमध्ये लागले. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिली, आणि नोकरीसाठी बाबांनीच मोठ्या बाईंकडे शब्द टाकला होता. म्हणून मी गप्प बसायचं का? मला वाटतं, म्हणूनच बसायचं नाही. मुख्याध्यापिका असल्या तरी मोठ्या बाई सगळ्यांचं ऐकून घेतात. माझंही घेतलं. मग एकच विचारलं, "घोरतात का?"

"भिंत हादरते."

"मग झोपेत श्वास अडकत असेल. तपासून घ्यावं लागेल. एकट्या त्यांनाच नाही, सगळ्या ड्रायव्हरांना."

बाहेर आले तेव्हा मन स्वच्छ होतं.

४ सप्टेंबर, बुधवार

मन स्वच्छ असून उपयोग नाही. घर स्वच्छ राहिलं नाही.

बाबा माझ्याशी बोलत नाहीत. माझ्याकडे बघून आईशी बोलतात. "तिला विचार, मीठ हवंय का." मीठ माझ्याच हाताशी होतं.

आई मात्र बोलली. "बापाच्या अन्नात माती कालवलीस. कॉलेजात हेच शिकवलं का?"

दादा गॅरेजमधून आला तो हातही न धुता माझ्यासमोर बसला. "अगं, माणूस दमतो. झोपतो. मीपण गाडीखाली झोपतो कधीकधी. माझंही नाव सांगून ये मोठ्या बाईंना."

"तुझ्या गाडीत चाळीस मुलं नसतात."

"तुझ्या डोक्यातपण नसतात. नुसती पुस्तकं असतात."

बाबा तेव्हा हसले. माझ्याकडे न बघता.

६ सप्टेंबर, शुक्रवार

शाळेच्या मागे बस उभ्या करायची जागा आहे. तिथून स्टाफरूमकडे जवळचा रस्ता आहे, म्हणून मी रोज तिथूनच जाते. आज बाबा सोडून बाकीचे ड्रायव्हर दोन नंबरच्या बसच्या सावलीत डबा खात बसले होते. मी गेल्यावर सगळे चावायचे थांबले.

त्यांच्यातला सगळ्यात जुना, ज्याला सगळे 'काडी' म्हणतात, तो शेजाऱ्याला म्हणाला, "म्हण माहीत आहे ना? कुऱ्हाडीचा दांडा..."

"गोतास काळ," शेजाऱ्याने पुरी केली.

मी थांबले. म्हटलं, "काका, तपासणीत काही निघालं नाही तर तुमचं काय जातंय?"

"आणि निघालं तर? तुमचं काय जातंय मॅडम? तुमच्या हातात खडू राहतो, आमचं घर बसतं." मग दुसरीकडे तोंड करून म्हणाला, "तीस वर्षं बायको माझ्या घोरण्याला शिव्या देते. तिने नाही नेलं ऑफिसात."

पुढच्या वेळी लांबच्या रस्त्याने जावं, असं मनात आलं. जाणार नाही. मी काही चोरी केलेली नाही.

रात्रीपर्यंत दादाला सगळं कळलं होतं. आता तो मला 'दांडा' म्हणतो. "दांडा, चहा घेणार का?"

९ सप्टेंबर, सोमवार

हे लिहावं की नाही कळत नाही. पण इथे नाही लिहिणार तर कुठे?

आज आई बाही वर करून भांडी घासत होती आणि तिच्या दंडावर निळसर डाग दिसला. एक ताजा, दोन पिवळे पडलेले. विचारलं तर तिने बाही खाली ओढली. "ह्यांचं कोपर. झोपेत लागतं. रात्रभर बरगडीत, नाहीतर दंडात. मला कुठे धड झोपू देतात!"

झोपेत लागतं. इतकं? रोज? एकाच ठिकाणी?

आई दिवसभर पेंगते. दुकानातून शर्ट आणून त्यांना काजं-बटणं करते. तिसऱ्या बटणाला मान पडते. मागच्या महिन्यात सुई बोटात घुसली. सकाळी उठते ती कपाळाला बाम चोळतच. मी कितीदा तरी म्हटलं असेल, आई, जरा उत्साहाने राहा, फिरायला जा. आज मात्र लक्षात आलं की तिला झोपच मिळत नाही, आणि ती कोणामुळे मिळत नाही तेही.

बाबांचे डोळे कायम लाल असतात. राग ओकतात असं वाटतं. लहानपणी मला ते सगळ्यात शांत माणूस वाटायचे. माणसं आपल्याला आधी कळत नाहीत, मग एकदम कळतात.

१० सप्टेंबर, मंगळवार

तपासणीचा संच घरी आला. मला वाटलं होतं दवाखान्यात झोपवतात, पण पहिली तपासणी घरीच होते. एक पट्टा छातीभोवती बांधायचा, त्यावर काडेपेटीएवढं यंत्र. एक चिमटा बोटाला. नाकाशी बारीक नळी, ती गालांवर चिकटपट्टीने बसवायची. रात्रभर श्वास कितीदा थांबला ते यंत्र टिपून ठेवतं.

जेवणं झाल्यावर मी सोबतचं माहितीपत्रक मोठ्याने वाचलं. झोपेत घसा सैल पडतो, वाट बुजते, श्वास थांबतो. शरीर दचकून क्षणभर जागं होतं, श्वास सुरू होतो, माणसाला सकाळी यातलं काही आठवत नाही. सकाळी डोकं दुखणं, दिवसा पेंग येणं, रक्तदाब, चिडचिड. काही जण मोठ्याने घोरतात, काही फारसे घोरतही नाहीत. 'चिडचिड' या शब्दावर मी बाबांकडे बघितलं.

बाबा पहिल्यांदाच सरळ माझ्याशी बोलले. "परत वाच. डोकं दुखणं, त्याच्या पुढचं."

मी परत वाचलं. आई कपाळाला बाम लावत म्हणाली, "पुरे झालं तुझं पारायण. डोकं उठलं माझं."

"बाबा, आज लावायचं का?"

"मी लावणार नाही." संच उचलून त्यांनी कपाटावर ठेवला, माझा हात पोचणार नाही इतका आत. "मला काही झालेलं नाही."

"मग घाबरता कशाला?"

दादा म्हणाला, "दांडा, आता गप."

१२ सप्टेंबर, गुरुवार

झालं. संच परत करायची आज शेवटची तारीख होती, आणि सकाळी उठले तर तो टेबलावर. यंत्रावरचा हिरवा दिवा लागलेला, म्हणजे रात्रभर चाललं.

मला इतकं बरं वाटलं की मी बाबांना "थँक्यू" म्हणाले. ते चहाच्या कपाकडे बघत होते. चहा निवून त्यावर साय धरली होती. त्यांचा चेहरा रात्रभर कुणाच्या तरी उशाशी बसून काढल्यासारखा होता. यंत्राचा त्रास झाला असेल.

आई मात्र कधी नव्हे ती खुशीत. "झालं ना एकदाचं? आता बघ, काही निघायचं नाही. साफ येणार. मग त्या बाईंना तूच तोंड दाखव."

तिच्या दोन्ही गालांवर लालसर चट्टे होते. म्हणाली, फोडणी उडाली. मी म्हटलं, सकाळी सकाळी कसली फोडणी, तर म्हणाली, "आता माझीही तपासणी करतेस का?"

संच पिशवीत भरताना पट्टा बघितला. बाबांनी तो शेवटच्या घरापर्यंत आवळला होता. माझ्या छातीला बसेल इतका. रागाच्या भरात माणूस काय काय करतो. स्वतःलासुद्धा सोडत नाही.

१७ सप्टेंबर, मंगळवार

अहवाल आला. तासाला एक्केचाळीस वेळा श्वास थांबतो. तीसच्या वर गेलं की तीव्र म्हणतात. ऑक्सिजनही बराच खाली जातो.

मी बरोबर होते. हे लिहिताना आनंद व्हायला नको, पण दोन आठवडे 'दांडा' ऐकून घेतल्यावर थोडा झाला. देवाशप्पथ थोडाच.

मी घरी सगळ्यांना बसवून सांगितलं. आईचा चेहरा पांढरा पडला. "असं कसं येईल? नीट बघ. दुसऱ्या कोणाचं असेल."

"नाव बाबांचंच आहे."

"मग यंत्र खोटं आहे," ती म्हणाली. "साफ खोटं आहे. घोरत तर नाही..." आणि मध्येच थांबली. बाबा घोरत नाहीत म्हणे! नवऱ्यासाठी बाई किती खोटं बोलू शकते, याला सुमार नाही. मग उठून ती स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ नळ सोडून उभी राहिली.

मला वाटलं बाबा भडकतील. पण ते माझ्याजवळ सरकून बसले. जूनपासून इतके जवळ बसले नव्हते.

"सगळ्यात लांब किती वेळ थांबतो?"

"पाऊण मिनिट."

"जास्त वाटतो," ते म्हणाले. मग, "माणूस जातो का त्यात?"

"लगेच नाही. पण हृदयावर ताण येतो. उपचार केलाच पाहिजे."

"उपचार आहे?"

"मास्क असतो. हवा ढकलणारं छोटं यंत्र. रोज लावून झोपायचं."

"ते लावलं की थांबायचं थांबतं? मग शेजारच्याने काही करायला नको?"

"शेजारच्याने काय करायचं असतं?"

त्यांनी दोनदा मान हलवली. बाबांना मी पहिल्यांदाच घाबरलेलं बघितलं, आणि खरं सांगायचं तर मला त्यांची कीव आली नाही. दुसऱ्यांच्या मुलांच्या वेळी नाही घाबरलात तुम्ही, स्वतःच्या जिवावर आलं तेव्हा घाबरलात, एवढंच मनात आलं.

१८ सप्टेंबर, बुधवार

बाबांनी बसची किल्ली ऑफिसात जमा केली. उपचार होऊन दाखला मिळेपर्यंत ते शाळेच्या फाटकावर उभे राहणार. मी तास चालू असताना खिडकीतून बघितलं. चार नंबरची बस दुसऱ्या कोणीतरी बाहेर काढली, गिअर करकरला, आणि बाबांनी फाटक उघडून धरलं.

काडीच्या तपासणीत काही निघालं नाही. दोन नंबरवाल्याच्याही नाही. मला बघून काडी मोठ्याने म्हणाला, "घोरणारे सुटले, आणि ज्याने कधी बसचा आरसा घासला नाही तो गेला. मुलगी असावी तर अशी."

स्टाफरूममध्ये माझ्या शेजारची खुर्ची दोन दिवस रिकामी आहे. शिक्षिका सगळ्या शिकलेल्या आहेत. तरीही.

पण मुलांनी आज बसमधून उतरताना हात हलवला, सगळी, एकूण एक. त्यांच्यापैकी एकीला जरी काही झालं असतं तर? मी हा प्रश्न स्वतःला विचारत राहते. उत्तर दर वेळी तेच येतं, आणि दर वेळी घरी जायला नको वाटतं.

२० सप्टेंबर, शुक्रवार

आज बाबा झोपेच्या प्रयोगशाळेत जाणार आहेत. रात्री तिथेच झोपायचं, डोक्याला छातीला तारा लावतात. आधी श्वास बघणार आणि मध्यरात्रीनंतर मास्क लावून हवेचा दाब ठरवणार. दादा सोबत जाईल.

दुपारी मी डब्याची पिशवी भरत होते, तर बाबा दारात येऊन उभे राहिले. "आज आईजवळ झोप."

"का?"

"झोप म्हणतो तर झोप. एका कुशीवर झोपव. पाठीवर वळली की हलव."

"बाबा, ती काय तान्हं बाळ आहे?"

त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी येऊन गेलं. मला वाटलं आता ओरडतील. पण म्हणाले, "तुझी आजी गेली तेव्हा तिच्याजवळ कोणी नव्हतं." आणि गेले.

आईची आई मी नऊ वर्षांची असताना झोपेतच गेली. सगळे म्हणाले, पुण्यवान, झोपेतलं मरण भाग्याने मिळतं. तो विषय आज कुठून आला? स्वतःची भीती आईच्या नावाने सांगायची, दुसरं काय.

२१ सप्टेंबर, शनिवार

आईजवळ झोपले नाही.

झोपणार होते. पण काल ती म्हणाली, "आज हे नाहीत, एक रात्र तरी कोपराशिवाय झोपू दे. तू तुझ्या खोलीत जा." मी म्हटलं, बाबांनी सांगितलंय, तर म्हणाली, "त्यांचं सगळं ऐकतेस का तू? बस काढून घेतलीस तेव्हा ऐकलंस?" मग माझंही डोकं फिरलं. दार लावून घेतलं, कानात कापूस घालून झोपले.

बाबा सकाळी आले. केसांना ठिकठिकाणी डिंकासारखं काहीतरी चिकटलेलं, पण चेहरा! डोळ्यांतली लाली गेली होती. दहा वर्षांनी लहान दिसत होते. दादा म्हणाला, "मेल्यासारखे झोपले. त्या मुलीने तारा काढल्या तरी जाग नाही."

बाबांनी चप्पल काढायच्या आधी मला विचारलं, "झोपलीस ना तिच्याजवळ?"

"हो."

"हलवावं लागलं?"

"नाही."

ते माझ्याकडे बघत राहिले. मग आत जाऊन आईला बघून आले. ती बटणं लावत भिंतीला टेकून झोपली होती. त्यांनी तिच्या हातातली सुई काढून कापडात खोचली.

का खोटं बोलले कोण जाणे. भांडण नको होतं, बस.

२४ सप्टेंबर, मंगळवार

डॉक्टरीणबाईंनी मला आणि बाबांना एकत्र बोलावलं होतं. त्यांच्यासमोर दोन अहवाल होते आणि त्या चिडलेल्या होत्या.

"मास्क लावायची वेळच आली नाही. हा माणूस घोरतो, पण श्वास थांबत नाही. झोपेची मोठी थकबाकी आहे, एवढंच. आणि घरचा अहवाल बघा. ही दोन वेगळी माणसं आहेत. तो पट्टा कोणी बांधला होता?"

मी बाबांकडे वळले. मला वाटलं यांनी दादाला बांधायला लावला. पट्टा डोळ्यांसमोर आला, शेवटच्या घरापर्यंत आवळलेला. दादाची छाती तर बाबांहून रुंद आहे. मग आईचे गाल आठवले.

"बायकोने," बाबा म्हणाले.

"तुम्ही सांगितलंत?"

"नाही. मी लावणार नाही म्हटल्यावर तिने आपणहून लावला. तिला वाटतं, घोरत नाही म्हणजे तिची झोप चांगली. म्हणाली, मी लावते, साफ येईल, तुमची बस वाचेल."

"आणि तुम्ही लावू दिलात?"

बाबा बोलले ते डॉक्टरीणबाईंशी, पण मला वाटतं मला ऐकू जावं म्हणून.

"तिचा श्वास थांबतो हे मला माहीत आहे. तीन-चार वर्षं झाली. तिला सांगितलं की म्हणते, तुम्हाला स्वप्नं पडतात. डॉक्टरकडे चल म्हटलं की म्हणते, मला काय झालंय. थांबला की मी कोपर मारतो. मग येतो. परत थांबतो, परत मारतो. रात्री मी धड झोपतच नाही म्हणा ना, डोळा लागला तरी दचकून उठतो. त्या दिवशी हिने कागद वाचला तेव्हा कळलं, याला नाव आहे. आणि ते मोजायचं यंत्र कपाटावर होतं."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं.

"त्या रात्री कोपर मारलं नाही. मारलं असतं तर यंत्राला कसं कळलं असतं? हात पाठीखाली घालून पडलो. थांबायचा, मी मोजायचो. वाटायचं आता नाही येत. तरी हात काढला नाही."

मी म्हटलं, "अहवाल तुमच्या नावाने येणार, बस जाणार, हे कळत नव्हतं का?"

"कळत होतं."

"मग मला सांगायचं होतंत."

तेव्हा ते माझ्याकडे वळले. "तुला? तू आधी ऑफिसात सांगतेस."

घरी येताना ते बसमध्ये माझ्या पुढच्या सीटवर बसले.

२५ सप्टेंबर, बुधवार

आईने आकाशपाताळ एक केलं. सगळ्यात जास्त राग तिला फसवलं याचा. "मला वाटलं मी तुमची नोकरी वाचवतेय, आणि तुम्ही शेजारी पडून मजा बघत होता!"

"मजा?" बाबा म्हणाले.

"मी जाणार नाही कुठे. ह्यांची बस होती, लायसन होतं, म्हणून तपासलं. माझं कुठलं लायसन जायचंय? बटणं लावताना मला डोळा लागला तर कोण मरणार आहे?"

"तू," बाबा म्हणाले.

दादा तोंडातला घास तसाच ठेवून बसला. आई उठली आणि कोरडं भांडं परत घासायला लागली.

मी शाळेत मोठ्या बाईंना जे झालं ते सांगितलं, या वेळी बाबांना विचारून. बाबा सोबत आले. बाई आधी पुष्कळ बोलल्या. शाळेची फसवणूक, विश्वास, सगळं. मग म्हणाल्या की दुसरा अहवाल साफ आहे, तेव्हा पुढच्या आठवड्यापासून बस घ्या.

"नको," बाबा म्हणाले. "रेल्वे फाटकाला मी झोपलो होतो, ते खरं आहे. घरी मास्क येऊ दे. मला चार रात्री झोप मिळू दे. मग बघू."

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "म्हणजे माझं चुकलं नव्हतं."

"नव्हतं." दोन पावलं पुढे जाऊन थांबले. "म्हणून जास्त राग येतो."

२७ सप्टेंबर, शुक्रवार

आई सोमवारी प्रयोगशाळेत जाणार. हो म्हणाली नाही, पण डब्यात काय न्यायचं ते विचारलं. आमच्या घरात तेच हो.

तोपर्यंत बाबांनी पाळ्या लावल्यात. अर्धी रात्र दादा, अर्धी मी. ते बाहेरच्या खोलीत झोपणार. आई भडकली आहे. "एका कोपराची तीन कोपरं झाली. हिला तरी सांगा, हिची हाडं टोचतात." पण वळली माझ्याकडे पाठ करून, एका कुशीवर.

काल दुसरी अर्धी रात्र माझी होती. आईचा श्वास मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकला. आवाज फार नाही. नुसता थांबतो. खोली थांबते. मी घाईघाईने कोपर मारलं, जरा जोरातच, आणि ती झोपेतच मला एक शिवी देऊन परत श्वास घ्यायला लागली. सकाळी तिच्या दंडावरचा डाग माझा होता.

पाळीवरून उठून चहा टाकायला गेले, तर बाबा माझ्या मागे येऊन उभे राहिले. अजून सरळ बोलत नाहीत. गॅसकडे बघत म्हणाले, "त्या रात्री प्रयोगशाळेत एवढी झोप कशी लागली, आईची तारीख घेताना डॉक्टरीण विचारत होती."

मी दूध उतू जाऊ नये म्हणून बघत होते.

"म्हटलं, घरी मुलगी जागी होती. तिच्यावर टाकून झोपलो."

दूध वर आलं. मी गॅस बारीक केला. कप काढले. साखर घातली.

मोठ्या बाईंना सगळं सांगून टाकणारी मी. मी म्हटलं, "चहा घ्या."